लघवी तपासली की हाडं कळतात म्हणे!

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, ‘डेक्सा स्कॅनला (हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेला) पैसे घालवू नका, लघवीच्या एका टेस्टमध्ये हाडं किती ठिसूळ झालीत ते कळतं, लघवीतून कॅल्शियम गेलं म्हणजे हाड विरघळतंय, रिपोर्ट नॉर्मल आला की गोळ्या बंद.’ मावशीने तर लगेच हात जोडलेले इमोजी टाकले.

आता पहिलं, टेस्ट खोटी नाहीये हां. हाड झिजताना त्यातल्या कोलॅजन या प्रथिनाचे तुकडे रक्तात येतात आणि लघवीतून बाहेर पडतात, एनटीएक्स म्हणतात ते हेच. पण त्यातून झीज किती जोरात चाललीय एवढंच कळतं. रोज किती तांदूळ शिजतोय ते समजलं म्हणून डब्यात किती उरलाय ते समजतं का? त्याला डेक्साच लागतो, त्यातला टी-स्कोअर (निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

कॅल्शियमचं म्हणाल तर पापड-लोणचं जास्त झालं तरी लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, त्यावरून हाडांचा निकाल लावू नका. (आपल्याकडे अंगावरून पांढरं गेलं तरी ‘हाडं वितळतायत’ म्हणतात, तेही असंच.)

आणि गोळ्या बंद करायचं तर डोक्यातूनच काढा. अलेंड्रोनेट (हाडांची झीज कमी करणारी गोळी) चालू असताना एनटीएक्सचा आकडा खाली आला म्हणजे गोळी काम करतेय, आजार गेला असं नाही! टेस्टचा खरा उपयोग इथेच आहे, कारण डेक्सावर फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात आणि हा आकडा ३ ते ६ महिन्यांत हलतो. माझ्या आईचा हललाच नव्हता, डॉक्टरांनी विचारलं गोळी कशी घेता, तर ही बाई दर रविवारी चहाबरोबर घेत होती! ती उपाशीपोटी नुसत्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास काही खायचं नाही, नाहीतर अंगी लागतच नाही, आणि तेवढा वेळ आडवंही व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला त्रास होतो. पण टेरिपॅराटाइडची (नवीन हाड तयार करायला लावणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं चालू असतील तर आकडा उलटा वाढतो, तेव्हा घाबरू नका.

एका रिपोर्टवर उड्या पण मारू नका, पहाटे आकडा जास्त, दुपारी कमी, नुकतंच फ्रॅक्चर झालं असेल तर काही महिने चढलेलाच. म्हणून सकाळची दुसरी लघवी द्या आणि दरवेळी तीच वेळ, तीच लॅब, आम्ही तर डबीवर पेनाने वेळ लिहूनच देतो.

मावशी, तुझी गोळी चालू आहे ना अजून?