झिलईवरच्या चिरा म्हणजे जुनेपणाचा पुरावा नव्हे

जपानी मांजराच्या किंवा तानुकीच्या (रकूनसारख्या दिसणाऱ्या जपानी रानकुत्र्याच्या) मूर्तीवर बारीक चिरांचं जाळं दिसलं की ती शंभर वर्षं जुनी, असा मेसेज संग्राहकांमध्ये फिरतोय. हे साफ चूक आहे. भट्टीनंतर थंड होताना झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली की चिरा पडतात, अगदी कोऱ्या मूर्तीवरही. सात्सुमा या जपानी मातीकामाच्या शैलीत तर हे जाळं मुद्दाम आणतात. चहाच्या पाण्यात बुडवून चिरा तपकिरी करणंही सोपं असतं.

त्यापेक्षा मूर्ती उलटी करून तळ बघा. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ हा अस्सल शिक्का असेल तर ती महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंत जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता त्या काळातली. ‘कुतानी’ या जपानी पोर्सेलिन शैलीच्या नुसत्या नावाच्या अक्षरांवरून मात्र काळ ठरत नाही. ती आजही लिहिली जातात.