ती धून स्ट्राउसची नाही

चाल तुमच्या ओळखीची आहे. अमेरिकन सर्कशीत झोक्यावरच्या कसरती सुरू झाल्या की बँड हमखास तीच वाजवायचा, जत्रेतल्या चक्रीच्या ऑर्गनवरही तीच. तिच्यासोबत एक मजकूर वारंवार पुढे ढकलला जातो. त्यात म्हटलेलं असतं की ही ‘लाटांवरून’ नावाची वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्यावरची नाचाची चाल, मुळात व्हिएन्नाचा प्रसिद्ध संगीतकार योहान स्ट्राउस याची. मेक्सिकोतल्या कुणा अडाणी, भटक्या व्हायोलिनवाल्याच्या नावावर ती चुकून चढली. त्याला स्वरलिपी येत नव्हती आणि दुसरं काही त्यानं रचलंही नाही.

त्या ‘कुणा’चं नाव हुवेन्तिनो रोसास. जन्म 1868, ग्वानाह्वातो प्रांतातलं सांता क्रूझ दे गालेआना हे गाव, ओतोमी या आदिवासी समाजातलं घर. बापही वादकच. पोरवयातच तो कुटुंबाबरोबर मेक्सिको सिटीत आला आणि मिळेल तिथे वाजवू लागला.

आता रचना कुणाची, ते. ‘सोब्रे लास ओलास’, म्हणजेच ‘लाटांवरून’, मेक्सिको सिटीत वाग्नर य लेव्हिएन या प्रकाशकांनी 1888 साली छापली, रोसासच्या नावानं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. ही वॉल्ट्झ आणि ‘लासोस दे आमोर’ नावाची नाचाची आणखी एक चीज, दोन्हींचे हक्क मिळून त्याला 45 पेसो मिळाले. प्रकाशकांची नावं जर्मन आहेत, त्यामुळे गोंधळ वाढला असेल तर नवल नाही. पण ती मेक्सिकोतल्या दुकानदारांची नावं आहेत, व्हिएन्नाची नव्हेत.

उलट बाजूनंही बघा. स्ट्राउस त्यानंतर आणखी अकरा वर्षं जगला, 1899 पर्यंत. त्याच्या नव्या वॉल्ट्झवर प्रकाशकांच्या उड्या पडत. 1889 ची ‘कैसर वॉल्ट्झ’ बर्लिनच्या झिमरॉकनं काढली. त्याच्या कृतींची क्रमांकवार मोजदाद जवळजवळ पाचशेपर्यंत जाते. त्यात ही नाही. जगभर खपणारी चाल आपली असताना हा माणूस, आणि त्याच्या जिवावर धंदा करणारे त्याचे प्रकाशक, तोंडात मूग गिळून बसले असते, हे मला तरी पटत नाही.

मग नाव चिकटलं कसं? माझ्या मते दोन कारणं आहेत. एक म्हणजे नावांची सरमिसळ. स्ट्राउसची ‘ब्लू डॅन्यूब’ 1867 ची. रुमानियाच्या इओसिफ इव्हानोविचीची ‘डॅन्यूबच्या लाटा’ 1880 ची. आणि ही ‘लाटांवरून’. नदी, लाटा, तीन मात्रांचा ठेका. बिचाऱ्या इव्हानोविचीचीही वॉल्ट्झ लोक स्ट्राउसच्या खात्यावर टाकतातच. दुसरं कारण पैशांचं. परदेशी लेखकांना अमेरिकेत 1891 पर्यंत कॉपीराइटचं संरक्षणच नव्हतं. बाहेरची चाल फुकट छापता येते म्हटल्यावर मूळ कर्त्याची आठवण ठेवायला कुणाचं काय अडलं होतं?

‘ऐकायला व्हिएन्नाची वाटते’ हा पुरावा नव्हे. त्या काळी मेक्सिकोच्या दिवाणखान्यांत वॉल्ट्झवर नाचणं नेहमीचं होतं. व्हिएन्नाचे वादक वॉल्ट्झमधली दुसरी मात्रा किंचित लवकर टाकतात, त्यानं ठेका झुलतो. ती वाजवण्याची लकब आहे. तसं वाजवलं तर रोसासही व्हिएन्नाचा वाटेल. न्यू ऑर्लिअन्सच्या क्लॅरिनेटवाल्या जॉर्ज लुईसनं हीच चाल वाजवली, तर ती जॅझ वाटते. चालीचा बाप त्यावरून ठरत नाही.

‘अडाणी’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. रोसास 1880 च्या दशकात दोनदा राष्ट्रीय संगीत विद्यालयात शिकायला गेला. दोन्ही वेळा शिक्षण अर्धवट सोडलं हे खरं, पण अर्धवट शिकलेला आणि स्वरलिपी न येणारा यांत फरक असतो. आणि ‘दुसरं काही रचलं नाही’? राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दिआस यांच्या पत्नी कार्मेन रोमेरो रुबिओ यांना अर्पण केलेली ‘कार्मेन’ वॉल्ट्झ 1888 चीच. शिवाय ‘आउरोरा’, ‘इलुसिओनेस हुवेनिलेस’, ‘एन्सुएन्यो सेदुक्तोर’, आणि पोल्का नाचाच्या चाली वेगळ्या. त्यातलं सगळंच अव्वल आहे असं मी म्हणणार नाही. काही चिजा नाचापुरत्या ठीक आहेत. पण ‘लाटांवरून’ ऐकून लगेच ‘कार्मेन’ लावा, हात एकाच माणसाचा आहे हे कानाला कळतं.

त्या मजकुरात ‘भटका’ एवढंच खऱ्याच्या जवळ जातं. 1893 साली तो अमेरिकेत होता, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं. विवेकानंदांचं भाषण झालेली सर्वधर्म परिषद त्याच प्रदर्शनाला जोडून भरली होती. पुढच्या वर्षी वादकांच्या एका ताफ्याबरोबर तो क्यूबात गेला, तिथे मज्जारज्जूचा दाह झाला आणि 9 जुलै 1894 रोजी बाताबानोच्या बंदरगावी वारला. वय 26.

त्याच्या अस्थी मायदेशी आणायला 1909 उजाडलं. आज त्याच्या जन्मगावाचं नाव सांता क्रूझ दे हुवेन्तिनो रोसास आहे.