नानाच्या बंगल्याच्या जागी काय उभं राहावं?

नानाने बंगला पुनर्विकासाला द्यायचं ठरवल्यापासून आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीतला सहा हजार चौरस फुटांचा प्लॉट, वडिलांनी बांधलेलं बैठं घर, मागे रायवळ आंबा. काल नाना बिल्डरची पुस्तिका घेऊनच आला. चार मजले, मजल्यावर दोन असे आठच फ्लॅट, 'बुटीक लक्झरी', दर्शनी बाजूला वरपासून खालपर्यंत काच.

"पन्नास वर्षांनीही जुनी वाटणार नाही म्हणतोय," नाना म्हणाला.

बापूने चित्र निरखून पाहिलं. त्याची तीस वर्षं साइटवर गेली आहेत. "नाना, ही काच पश्चिमेला आहे. एप्रिलात दुपारी तीननंतर या दिवाणखान्यात तू बसशील का?"

"एसी आहे की."

"आणि जूनमध्ये? आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडूनच झोडपतो. वर छज्जा नाही, चौकटीला पागोळी तोडणारी खाच नाही. तिसऱ्या पावसाळ्यात काचेच्या फटी बुजवणारं सिलिकॉन सुटायला लागेल."

नानाची पुतणी नीतू आर्किटेक्ट आहे. ती म्हणाली, "काका, मुंबईची कांचनजंगा इमारत बघा. चार्ल्स कोरियांची, १९८३ साली पुरी झाली. समुद्र पश्चिमेला, म्हणजे देखावा तिकडे. पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलला आणि फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंच, खोल गच्ची ठेवली. घर त्या सावलीमागे राहिलं. चाळीस वर्षं होऊन गेली, अजून कुणी तिला जुनाट म्हणत नाही."

"ती अठ्ठावीस मजली आहे. माझे चार."

"ऊन मजले मोजत नाही, काका."

हे नानाला पटलं असावं, कारण त्याने लगेच दुसरं टोक गाठलं. मग जुन्या पुण्यासारखंच करू, म्हणाला. पुढे उतरतं छप्पर, कौलं, भिंतीला काळा दगड. इथे मला राहवलं नाही. वाड्यांच्या जोत्याचा काळा दगड वरच्या भिंतींचं ओझं पेलत होता. त्याच दगडाची बोटभर जाडीची फरशी काँक्रीटच्या भिंतीवर चिकटवली तर ती कसलंच ओझं पेलत नाही, उलट भिंतीलाच तिचं ओझं होतं. काच जितकी लवकर शिळी होईल, तितकंच हेही होईल. फरक एवढाच की काच गळेल आणि दगड निखळेल.

"मग तुला हवंय तरी काय?" नानाने चिडून विचारलं.

मला काय हवंय ते मी आमच्याच इमारतीत शिकलो. आमची इमारत बांधणाऱ्याने सगळे पाइप भिंतीत पुरले होते. बाराव्या वर्षी खालच्यांच्या छताला ओल आली. गळती शोधायला आमच्या न्हाणीघराचा संगमरवर फोडावा लागला, आणि तसा दगड पुन्हा मिळाला नाही. पाइपांसाठी उभी पोकळी, म्हणजे डक्ट, माणूस उतरू शकेल इतका रुंद ठेवला असता तर प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम होतं. इमारत टिकवायची तर आधी तिच्यात दुरुस्त करणाऱ्याला हात घालता आला पाहिजे. महाग फरशी त्यानंतर.

बापूने मान डोलावली, पण बिल्डरची बाजूही त्यानेच मांडली. "रेरा म्हणजे घरखरेदीदारांसाठीचा कायदा. त्याच्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात, बाल्कनी धरत नाहीत. खोल व्हरांडा दिला की कार्पेटचा आकडा लहान दिसतो, आणि गिऱ्हाईक आधी तोच आकडा बघतं. डक्ट रुंद केला तर तेवढी खोली अरुंद. विकायचं त्याला आहे, नाना."

यावर कुणाकडेच चटकन उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने नीतू म्हणाली, "मला तळमजल्याची जास्त काळजी वाटते." आपल्या गल्ल्यांचं सुख कशात आहे? बुटकं कुंपण, पलीकडे बाग, रस्त्यावर येणारी सावली. नव्या इमारती खांबांवर उभ्या राहतात, खाली नुसत्या गाड्या, पुढे उंच भिंत. रात्री त्या रस्त्याने चालणाऱ्या बाईला एकही उजेडाची खिडकी दिसत नाही. तिने पुस्तिकेच्या पाठीमागे रेघा मारल्या: गाड्या मागच्या अंगाला, पुढे प्रवेशाशी बसायला ओटा, कमरेइतकं कुंपण. आंब्याभोवती मात्र फरसबंदी नाही, उघडी माती.

"आंबा पार्किंगच्या रांगेत येतो," नाना हळूच म्हणाला. "तोडायची परवानगी काढू म्हणाला बिल्डर."

कुणी काही बोललं नाही. त्या आंब्याच्या कैऱ्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या आहेत. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ पासून तसा कायदा आहे. पण ती मागायची की नाही हे आधी नानाच्या हातात आहे.

मग बापूने आठ या आकड्यावर बोट ठेवलं. प्लॉट पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची रेरा नोंदणी सक्तीची नसते. नानाचा प्लॉट साडेपाचशे चौरस मीटर भरतो, पण फ्लॅट नेमके आठ. "कमी घरं म्हणजे निवांतपणा, खरंय. पण लिफ्ट, जनरेटर, रखवालदार यांचा खर्चही आठ जणांतच वाटायचा. त्यात नोंदणी नसेल तर कागद सैल ठेवू नकोस. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा, असं रेराच्या कलम १४ मध्ये आहे. तेच करारात शब्दशः लिहून घे."

नानाने पुस्तिका उलटी करून नीतूच्या रेघा पुन्हा पाहिल्या. "एक पार्किंग कमी झालं तर तो माझ्या फ्लॅटचं काढेल," तो म्हणाला.

"काढू दे," बापू म्हणाला. "माझ्या फाटकात लाव गाडी."

नानाने पेन मागितलं आणि आंब्याभोवतीचं वर्तुळ आणखी मोठं केलं.