मधुमेह असेल तर दात काढू नये? एका संदेशाचा प्रतिवाद

‘मधुमेह असलेल्याने दात कधीही काढू नये, कारण ती जखम भरत नाही आणि गँगरीन होते, हिरड्यांतून रक्त आले तर ब्रश थांबवून मिश्री लावावी, साखर ताळ्यावर आली की हिरड्या आपोआप सुधारतात, आणि दात काढावाच लागला तर उपाशीपोटी जावे’, अशा आशयाचा सल्ला कुटुंबांच्या व्हॉट्सॲप समूहांतून फिरत असतो. त्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की जखम भरण्याचा वेग मंदावतो, हा तो अंश. अशा शरीरात जंतूंचा फडशा पाडणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम बिघडते, साखर चिकटल्याने कोलॅजनचे, म्हणजे ऊतींना बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, तंतू ताठर होतात, केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आणि काम आटोपताच ओसरायला हवा तो दाह रेंगाळत राहतो. तरीही यावरून जखम भरतच नाही, असा निष्कर्ष निघत नाही. दात काढल्यावर खाचेत रक्ताची गुठळी धरते, आठवडाभरात तेथे लालसर, दाणेदार नवी ऊती येते, पुढच्या काही आठवड्यांत हिरडीचे आवरण जुळते आणि आतले हाड भरायला काही महिने जातात. टाइप २ मधुमेह ज्यांनी आटोक्यात ठेवला आहे, त्यांच्यातही हा क्रम बहुधा इतरांसारखाच पार पडतो.

गँगरीनची धास्ती पायावरून तोंडावर आणलेली आहे. मधुमेहात पाय सडतो तो मुख्यतः तेथील रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने आणि संवेदना गेल्याने. जबड्याला आणि हिरड्यांना मात्र भरपूर रक्तपुरवठा असतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराने, अनेकांचे जबडे गेले, त्यामुळे ही भीती समजण्यासारखी आहे. पण त्या बुरशीने बहुतेकांत नाक आणि सायनसमार्गे शिरकाव केला होता, आणि तिला वाव दिला तो अनियंत्रित साखरेने व स्टेरॉइडने.

संदेशातला सर्वांत घातक भाग म्हणजे हलणारा, पू येणारा दात तसाच सांभाळण्याचा सल्ला. जखमेला भिऊन जो दात ठेवायचा, त्याच्याभोवती जखम आधीच असते, फक्त ती हिरडीखाली झाकलेली असते. बळावलेल्या हिरड्यांच्या रोगात दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल खिसे तयार होतात, आणि तोंडभरच्या खिशांचे आतले अस्तर एकत्र मोजले तर ते अंदाजे ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी जखम पायावर उघडी दिसली असती, तर घरातल्यांनी रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात नेले असते. या खिशांतून दाहाची द्रव्ये रक्तात उतरतात, इन्सुलिनचा परिणाम कमी करतात आणि साखर आणखी चढते.

म्हणूनच ‘साखर उतरली की हिरड्या आपोआप बऱ्या’ हेही अर्धवट आहे. साखर उतरल्याने हिरड्यांना मदत होते, पण दातांवर आणि हिरडीखाली साचलेले कीटण गोळ्यांनी निघत नाही; ते दंतवैद्यालाच खरवडून काढावे लागते. याचा फायदा उलट दिशेनेही पोहोचतो. अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, हिरड्यांवर उपचार केलेल्या मधुमेही रुग्णांचे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ टक्के-बिंदूंनी कमी झाले. हा आकडा औषधाची जागा घेण्याइतका मोठा नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही.

मिश्रीविषयी फार लिहायला नको. ती भाजलेली तंबाखू आहे. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणे कमी होते, रोग बरा झाल्यासारखा भासतो आणि खाली हाड झिजत राहते. ब्रश थांबवल्याने तर दातांवरचा थर वाढतोच. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासणे चालूच ठेवावे.

उरला उपाशीपोटी जाण्याचा मुद्दा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन नाश्ता टाळला, तर खुर्चीतच साखर दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरून घाम, थरथर आणि भोवळ येऊ शकते. केवळ जागेपुरती भूल देऊन दात काढायचा असेल, तर सकाळची वेळ घ्यावी, नेहमीप्रमाणे खाऊन व औषध घेऊन जावे आणि अलीकडचा एचबीए१सीचा अहवाल सोबत न्यावा. पूर्ण भूल द्यायची असेल, तर उपाशी केव्हापासून राहायचे आणि त्या दिवशी कोणती गोळी टाळायची, हे डॉक्टरांनाच विचारावे. साखर फारच चढलेली असेल, तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया दंतवैद्य स्वतःच पुढे ढकलतात. मात्र पू झालेला आणि सूज चढत असलेला दात असेल, तर साखर उतरेपर्यंत घरी थांबू नये, कारण त्या जंतुसंसर्गामुळेच ती उतरत नसते.