रॉक गार्डनच्या बांगड्या आणि आमच्या धुऱ्यावरचा मोर

फॅमिली ग्रुपवर चंदीगडच्या रॉक गार्डनबद्दल एक मेसेज आला तेव्हा मी पाहून सोडून दिला होता. पण परवा गावी गेलो तर आर्णी रोडला लागून जो आमचा धुरा (शेताचा बांध) आहे, जिथं मोठेबाबांनी सिमेंटचे बैल, हत्ती, मोर करून ठेवलेत, लोक गाडी थांबवून सेल्फी काढतात, त्या मोराचा अर्धा पिसारा मोठेबाबांनीच छिन्नीनं खरवडलेला. पिसाऱ्यात बसवलेल्या हिरव्या बांगड्यांच्या तुकड्यांच्या जागी नुसते खड्डे. काहून? तर मोठ्या आईनं तो मेसेज वाचला, की रॉक गार्डनमधल्या मूर्तींना विधवांच्या फोडलेल्या बांगड्या लावल्यात, असलं काही घराजवळ असलं की घरधन्याला धोका.

अरे बाप्पा! ते गार्डन उभारणारा नेकचंद रोड इन्स्पेक्टर होता, ड्युटी संपली की सायकलवर भंगार आणायचा, फुटक्या कपबश्या, टाइल्स, बांगड्या, सगळं टाकाऊ. चंदीगड टुरिझमच्या वेबसाइटवरही टाकाऊ मालच लिहिलंय, विधवा कुठून काढल्या यांनी? मोठेबाबांचे तुकडे तर बाजारातल्या कासाराकडचे, खोक्यात वाटेतच 'वाढलेले' (फुटलेले म्हटलं तर तोही अपशकुन!). आणि समजा असत्या विधवांच्या, मग? 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडायची प्रथाच बंद करायचा ठराव घेतला, मागोमाग सरकारनं परिपत्रक काढलं, आणि आपण सिमेंटच्या मोराला घाबरून राहिलो.

मेसेजमधलं बाकीचं पटपट. 'ल कार्बुझिएनं डिझाइन केलं': चंदीगड शहराचा आराखडा करणारा हा आर्किटेक्ट 1965 ला वारला, गार्डन लोकांसाठी उघडलं 1976 ला, आणि त्या जागेत बांधकामाला मुळात बंदीच होती. 'नेकचंद मोठा इंजिनियर होता': ते पद सरकारनं नंतर दिलं, सोबत 50 मजूर. 'मूर्ती रात्री हलतात': चला पुढे.

'सरकारी जमीन बळकावली' हे मात्र, काय करता, अर्धं खरं आहे. 1957 च्या आसपास सुरू केलं ते वर्षानुवर्षं लपूनछपून, परवानगी नाही काही नाही. पण त्यानं तिथं स्वतःचा बंगला नाही बांधला, आणि सरकारनंच 1984 ला पद्मश्री दिली. आमचा धुरा तर सातबाऱ्यावर मोठेबाबांच्याच नावानं आहे.

मोठ्या आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणे, "तू म्हणतं ते खरं असन, पण मीच तं त्याईले खरवडाले लावलं न. कासाराकडे जाशीन तं हिरवेच आणजो."