डोक्याला हात

मसाज म्हटला की रगडणं, चोपणं आणि मधेच हाडाचा कडकन आवाज, एवढीच माझी समज. माणूस आपल्या पायांनी आत जातो, पिळून बाहेर येतो आणि पैसे वसूल झाल्याचं समाधान मिळतं. त्यामुळे आखडलेल्या मानेसाठी क्रेनिओसॅक्रल थेरपी, म्हणजे कवटी आणि कण्यावर हाताने करायचा उपचार, घ्यायची ठरली, तेव्हा मी न ओरडण्याची तयारी करून गेलो.

कपडे उतरवायचे नव्हते. पट्टा, चष्मा, खिशातल्या किल्ल्या आणि बूट तेवढे बाजूला ठेवायचे होते. इलाज डोक्याचा, म्हणून मोज्यांकडे मी लक्षच दिलं नव्हतं. थेरपिस्ट मॅडमनी मात्र सुरुवात केली थेट टाचांपासून. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची एक संथ लय अंगात चालू असते, मिनिटाला साधारण ६ ते १२ वेळा, आणि ती पायांपाशीही हाताला लागते म्हणे. माझा डाव्या पायाचा अंगठा मोज्यातून बाहेर येऊन ही माहिती लक्षपूर्वक ऐकत होता.

मग हात डोक्याखाली आले. आले, एवढंच. स्पर्शाचा दाब जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर पाण्याइतका. मी दाबाची वाट पाहत राहिलो. दाब काही आला नाही. नाक मात्र खाजायला लागलं. समोरचा माणूस डोळे मिटून आपल्या कवटीचं ऐकत असताना नाक खाजवावं की नाही, हे विचारायचं कुणाला?

यामागची कहाणी रंजक आहे. विल्यम सदरलंड नावाच्या अमेरिकन ऑस्टिओपॅथला (म्हणजे हाडं-सांधे हाताने हाताळून उपचार करणाऱ्याला), १९ वं शतक संपता संपता, कवटीच्या सुट्या हाडांच्या तिरप्या कडा पाहून माशाच्या कल्ल्यांची आठवण झाली. ही हाडं हलत असली पाहिजेत, असं त्याच्या मनाने घेतलं. मग गड्याने स्वतःच्याच डोक्यावर पट्टे आवळून प्रयोग केले. (त्याच्या बायकोच्या सोशिकपणावर कुणीतरी लिहायला हवं.) पुढे १९७० च्या दशकात जॉन अपलेजरने त्यातून आजची पद्धत उभी केली. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो, हे खरंच. पण मोठ्या माणसाच्या कवटीतले सांधे घट्ट बसलेले असतात, आणि एकाच माणसाच्या डोक्याशी एक, पायाशी एक असे दोन जाणकार बसवून लय मोजायला लावली, तेव्हा त्यांचे आकडे जुळले नाहीत. हे सगळं मी आधी वाचून गेलो होतो. आडवं पडल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही.

कारण खरी परीक्षा तेव्हा सुरू होते, जेव्हा अतिशय मऊ आवाजात प्रश्न येतो, "काही जाणवतंय का?"

नाही म्हणावं तर आपलं डोकं निबर ठरतं. शिवाय इतक्या प्रेमाने धरलेल्या डोक्याने असं तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. मी म्हणालो, "हो, जरा हलकं वाटतंय." "कुठे?" या प्रश्नाची तयारी नव्हती. मी पोट म्हणालो. नेमकी तेव्हाच पोटातून मोठी गुरगुर आली आणि मॅडम प्रसन्न झाल्या. हे फार चांगलं लक्षण असतं. डुलकी लागली तर चांगलं. रडू आलं तर मोकळं झालात. काहीच झालं नाही तर शरीर आतल्या आत काम करतंय. उद्या जास्त दुखलं तरी घाबरायचं नाही, ते बरं होण्याचाच भाग. यातून वाईट म्हणावा असा एकही परिणाम मला सापडेना. परीक्षेत असे गुण मिळाले असते तर मी कुठल्या कुठे गेलो असतो.

मधे ती लय क्षणभर थांबवतात म्हणे. त्या वेळी आपण श्वास घ्यायचा असतो की नाही, हे कुणी सांगत नाही. मी थोडा थोडा, चोरून घेतला. काही जण हातमोजा घालून तोंडातून टाळूलाही बोट लावतात, अर्थात विचारून. मी नको म्हणालो; तेवढं एक मला ठामपणे जाणवलं होतं.

त्यानंतरचं आठवत नाही. माझ्याच घोरण्याने मी जागा झालो. एक मात्र थट्टेत सांगण्यासारखं नाही. डोक्याला नुकताच मार लागला असेल, मेंदूत रक्तस्राव झाला असेल किंवा रक्तवाहिनीला फुगा असेल, तर या वाटेला जायचं नाही, आधी डॉक्टर. बाकीच्यांना तासभर फोनपासून दूर, गप्प पडून राहायला मिळतं. त्या रात्री माझी मान दुखली नाही, याचं श्रेय माझ्या मते त्या तासाला. मॅडमच्या मते त्या द्रवाला.

घरी बायकोने विचारलं, "काय केलं त्यांनी?"

"डोक्याला हात लावला."

"मग?"

"मग काढला."