एकट्यानं अंगावर काढू नका

डोळे आलेत? लालभडक, सकाळी चिकटून बसलेले? मग एक गॉगल घ्या आणि निघा कामाला, भो. डॉक्टर म्हणाला असेल पाच दिवस घरी बसा. त्याला काय, त्याचा रोज कोण कापतंय?

ताप असला तरी जा. मे महिन्यात जळगावात बाहेर 45, तुमच्या अंगात फार तर 39. पत्र्याच्या शेडमधली सगळ्यात गार वस्तू तुम्हीच.

मुकादमाला मात्र फोन करू नका. तो फार मायाळू असतो. "बस भाऊ घरी, तब्येत सांभाळ," म्हणतो, आणि तुम्ही बरे होऊन गेटवर जाता तेव्हा तुमच्या मशीनवर त्याच्या साल्याचा पोरगा उभा. तुम्हाला काढलेलं नसतं, बरं का. काढायला आधी ठेवलेलं असावं लागतं.

कायद्यात काही कमी नाही. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्यानं (2025 मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली) कलम 73 मध्ये लिहूनच ठेवलं होतं: आजारपणाचा लाभ चालू असेल तोवर मालकानं कामगाराला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही. शिवाय रोजाच्या 70 टक्के पैसे, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. वाचूनच ताप उतरतो! पहिले दोन दिवस धरत नाहीत, तेवढा उपास समजा. सहा महिन्यांत 78 दिवसांचा हप्ता भरलेला लागतो; मुकादम हिशेबाला पक्का असेल तर 78 वा दिवस उगवतच नाही. आणि कारखान्यात दहा माणसं हवीत. चटईच्या कारखान्यात घाम गाळतात तीस, मस्टरवर नऊ. उरलेले एकवीस बहुधा पाहुणे.

साथीचा कायदा तर त्याहून जुना. मुंबईत 1896 ला प्लेग आला, 1897 ला कायदा झाला. मूळची कलमं चारच, पण त्यातलं एक खास संरक्षणाचं: साहेबानं चांगल्या हेतूनं काहीही केलं तरी त्याच्यावर दावा नाही. घरी बसलेल्याच्या मजुरीला पाचवं कलम लागलं असतं. कागद महाग असेल तेव्हा. 2020 च्या टाळेबंदीत सरकारनं 29 मार्चला हुकूम काढला, पगार कापू नका. तो 18 मेपासून मागे घेतला. पन्नास दिवस टिकला. एवढे दिवस तर आपल्याकडं कैरीचं लोणचंही मुरायला ठेवतात.

रावेर-यावलकडे केळीला व्हायरस लागला की रोगट झाड लगेच उपटून बांधाबाहेर फेकतात, म्हणजे बाग वाचते. शेठ लोकांनी शास्त्र तिथूनच उचललं असणार. फरक एवढाच, की झाडाचा निदान पंचनामा होतो.

तेव्हा माझं ऐका. आजार एकट्यानं अंगावर काढू नका, वाटून घ्या. गॉगल लावून सरळ ऑफिसात जा, उचल मागा. शेठच्याच पेननं सही करा, त्यांच्याच टेबलावरच्या टॉवेलाला हात पुसा, निघताना वाकून पाया पडा. दोन-तीन दिवसांत शेठचे डोळे येतील आणि गेटवर पाटी लागेल: दुरुस्तीसाठी कारखाना चार दिवस बंद.

झाली की नाही सुट्टी? बिनपगारी आहे, तेवढं घरी सांगू नका.